न पडलेल्या विकेटचा रकाना

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, गुलमंडीवर सध्या दोनच पक्ष अभंग आहेत: आकडेवाले आणि डोळेवाले. बाकीचे सगळे फुटले, चिन्हं कोर्टात गेली, झेंडे रातोरात बदलले. हे दोन मात्र जिथल्या तिथे. रात्री दुकानांची शटरं खाली आली, सुपारी हनुमान मंदिराची गर्दी पांगली, की उभ्या केलेल्या स्कूटरींवर बसून यांचं अधिवेशन सुरू होतं. विषयपत्रिकेवर वर्षानुवर्षं एकच मुद्दा: मोठा खेळाडू कोण?

आकडेवाला साधारण पंचविशीच्या आतला. त्याचं सगळं ज्ञान खिशात असतं आणि चार्जिंग संपलं की तेही संपतं. डोळेवाला पन्नाशी ओलांडलेला. त्याच्याकडे पुरावा एकच: "तू पाळण्यात होतास तेव्हा मी पाहिलंय रे हे!" यावर अपील नाही, तिसरा पंच नाही. पलीकडच्या गल्लीतले एक दुकानदार या पक्षाचे कायदेशीर सल्लागार आहेत. "मियाँ, कोर्ट में गवाही आँख की चलती, कैलक्युलेटर की नहीं," असं ते दर आठवड्याला सुनावतात.

मधल्या काळात आकडेवाल्यांची संख्या फार फुगली होती. मोबाईलवर 'टीम लावणारा' प्रत्येक जण स्वतःला विश्लेषक म्हणवून घेत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि आमच्या चौकातली विश्लेषणशास्त्राची गोडी एका आठवड्यात ओसरली. उरले ते खरे भाविक. त्यांच्याशी भांडायला मजा येते.

आता विषय बास्केटबॉलचा निघालाय. गुलमंडीचा आणि बास्केटबॉलचा संबंध काय, असं विचारू नका. एकाचा भाचा कॉलेजच्या संघात आहे, आणि ज्याचा भाचा संघात आहे त्याला मत आहे. भाचा म्हणतो, लेब्रॉन जेम्स. मामा म्हणतात, मायकल जॉर्डन. भाचा गुण, रिबाऊंड, असिस्ट अशी उतरंड रचतो. मामा म्हणतात, "तो हवेत कसा थांबायचा, ते पाहिलंयस का?" हवेत थांबण्याचा आकडा भाच्याकडे नाही. मामांनीही ते पाहिलंय ते बूट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत. ते असो.

या दोघांच्या भांडणात मी मध्ये पडलो, कारण यापेक्षा जुनं आणि जास्त रंगतदार भांडण उपलब्ध आहे. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतल्या हर्शी या गावात (तेच, चॉकलेटवालं) विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्या अख्ख्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला ५०.४. आकडेवाल्यांनी इथेच आरती म्हणून प्रसाद वाटायला हवा. पण त्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला बिल रसेल, ज्याची कारकिर्दीची सरासरी १५.१. मतं कुणी दिली? पत्रकारांनी नाही, तेव्हा ती खेळाडूच द्यायचे. ज्यांना या दोघांसमोर प्रत्यक्ष उभं राहावं लागत होतं, त्यांनी पन्नासवाल्याला मागे ठेवून पंधरावाल्याला निवडलं.

कारण रसेलचं काम वेगळं होतं. समोरच्याने बास्केटकडे मारलेला चेंडू हवेतच अडवायचा, आणि तोही प्रेक्षकांत न भिरकावता शक्यतो आपल्या माणसाच्या हातात पडेल असा. दोन-चारदा असं झालं की समोरचा त्या बाजूला यायचंच सोडून द्यायचा. बोस्टनच्या संघाने रसेल असताना १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली. आणि गंमत बघा: अडवलेले चेंडू, म्हणजे 'ब्लॉक', तिथल्या लीगने अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल १९६९ सालीच बूट काढून घरी गेलेला. ज्या कामासाठी तो मोठा, त्या कामाचा रकानाच वहीत नव्हता.

मामा खूश झाले. त्यांना वाटलं मी डोळेवाल्यांकडे आलो. मग मी त्यांना सांगितलं, की चेंबरलेनचा तो १०० गुणांचा सामना टीव्हीवर दाखवला नव्हता आणि त्याचं चित्रीकरणही उपलब्ध नाही. म्हणजे तो आकडा नसता, तर तुमच्या डोळ्यांना त्या रात्रीचा पत्ताही लागला नसता. मामांनी चहा मागवला. वाद हरायला लागले की ते चहा मागवतात.

पण हर्शीपर्यंत कशाला जायचं? आपल्याच घरातला मामला बघा. ३ डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्धची कसोटी. भारताकडून तिघांनी पदार्पण केलं. केरळचा टिनू योहानन सोडा. उरलेले दोघे मराठवाड्याचे: बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि आपल्या औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी. मराठवाड्याला एका दिवसात दोन कसोटीपटू मिळाले. एवढं तर एका दिवसात पाणीही मिळत नाही.

सिद्दिकी वेगवान गोलंदाज. रणजीत घाम गाळून इथवर आलेला. त्या कसोटीत त्याला एक बळी मिळाला आणि पहिल्या डावात त्याने २४ धावा काढल्या. मग भारताला जिंकायला हव्या होत्या फक्त ५ धावा. सलामीला कोण गेलं? दीप दासगुप्ता आणि इक्बाल सिद्दिकी. गोलंदाजाला सलामीला का पाठवलं, ते कर्णधार गांगुली जाणे. सिद्दिकीने पाचच्या पाच धावा स्वतः काढल्या, सामना संपवला आणि परत आला. त्यानंतर तो कधीही कसोटी खेळला नाही.

आता मोबाईल उघडा. इक्बाल सिद्दिकी: कसोटी १, फलंदाजीची सरासरी २९.००, गोलंदाजीची ४८.००. संजय बांगर: कसोटी १२, फलंदाजीची सरासरी २९.३७, गोलंदाजीची ४९.००. नावं झाकली तर जुळे भाऊ. गोलंदाजीत तर सिद्दिकी एका धावेने सरस. आणि आणखी एक विधान ऐका, जे शंभर टक्के खरं आहे: सलामीवीर म्हणून इक्बाल सिद्दिकी कसोटीत कधीही बाद झालेला नाही. सुनील गावसकरांबद्दल असं कुणाला म्हणता येईल का?

भाचा लगेच उसळला. "काका, एका मॅचवरून सरासरी काढतात का? सॅम्पल केवढंसं आहे!" बरोबर बोलला. आकडेवाल्यांतले जे खरे शिकलेले आहेत ते हेच सांगतात; आकडा कधी बोलू शकतो आणि कधी त्याने तोंड बंद ठेवावं, हे त्यांना कळतं. चौकातल्या आकडेवाल्यांना मात्र दशांश चिन्हानंतरचे दोन अंक दिसले की त्यात देव दिसतो.

बरं, बांगरकडे या. बारा कसोटी, एकच शतक: फेब्रुवारी २००२, नागपूर, झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १००. यंत्राला विचारलं की बांगरची सर्वोत्तम खेळी कोणती, तर ते हीच दाखवणार. शंभरापेक्षा मोठं त्याच्या खात्यात दुसरं काही नाहीच. आणि ज्याने हेडिंग्ले पाहिलंय तो हे उत्तर ऐकून स्कूटरवरून पडणार.

२२ ऑगस्ट २००२, लीड्सचं हेडिंग्ले मैदान, इंग्लंडविरुद्धची कसोटी. आभाळ भरलेलं, हवेत ओल, चेंडू दोन्हीकडे वळतोय. अशा सकाळी शहाणा कर्णधार समोरच्याला फलंदाजी देतो. गांगुलीने नाणेफेक जिंकली आणि स्वतःच फलंदाजी घेतली. सेहवाग ८ धावांवर गेला, धावफलक १ बाद १५. समोर हॉगर्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. पुढे काय व्हायला हवं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, कारण परदेशात ढगाखाली आपलं तेच व्हायचं. ते झालं नाही. बांगर आणि द्रविड यांनी १७० धावांची भागीदारी केली. बांगरने २३६ चेंडू खेळून ६८ धावा काढल्या.

शंभर चेंडूंना एकोणतीसही नाहीत. आजच्या हिशोबाने हा गुन्हा आहे. पण त्या २३६ चेंडूंत काय होतं, ते जरा जवळून बघा. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू, पुढे झुकलेलं शरीर, आणि शेवटच्या क्षणी मागे घेतलेले हात. चेंडू यष्टिरक्षकाकडे. पुन्हा तेच. मग एक आत येणारा, तो पॅडच्या जवळ बॅट ठेवून जागच्या जागी मारलेला. पुन्हा सोडलेला. धावपुस्तकात या सगळ्याची नोंद एकच: टिंब. अक्कलेने सोडलेल्या चेंडूला टिंब, बॅटच्या मधोमध घेऊन थोपवलेल्या चेंडूला टिंब, आणि बॅटच्या कडेजवळून केसभर अंतराने निसटलेल्या, नशिबाने वाचलेल्या चेंडूलाही टिंबच. तीन वेगळी माणसं एका पोत्यात कोंबावीत तसला हा प्रकार. वहीला फरक कळत नाही. बघणाऱ्याला कळतो, तोही बघताना चहा प्यायला उठला नसेल तर.

दुसऱ्या दिवशी चेंडू जुना, गोलंदाज दमलेले, आणि मग सचिन १९३, गांगुली १२८. द्रविड १४८. भारत ८ बाद ६२८ वर डाव घोषित, इंग्लंडवर एक डाव ४६ धावांनी विजय. सामनावीर द्रविड, योग्यच. पण त्या पहिल्या दिवशी ज्या चार-पाच विकेट पडल्या नाहीत, त्या कुणाच्या खात्यावर लिहायच्या? त्याला रकाना नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. जे घडलं ते मोजायला कुणीही पेन घेऊन बसतो. जे घडू दिलं नाही ते मोजणाऱ्याला दिसतच नाही.

कबड्डीचं घ्या. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली आणि आपल्या मातीतल्या खेळाला टीव्हीवर आकडे फुटले. चढाईचे गुण, पकडीचे गुण, सुपर टेन, हाय फाइव्ह. उत्तम. पण एखादा डावा कोपरा इतका दांडगा असतो की चढाईपटू त्याच्याकडे फिरकतच नाही. उजवीकडेच दोन पावलं नाचून, बोनसचा विचार करून परत जातो. कोपऱ्याच्या नावावर गुण शून्य. समालोचक म्हणतो, आज हा शांत आहे. अहो, तो शांत आहे म्हणूनच तर समोरचे गप्प आहेत! आमच्याकडे मैदानाच्या कडेला उकिडवं बसलेल्या म्हाताऱ्यांना हे कळतं. त्यांच्याकडे ग्राफिक नाही, फक्त तंबाखू आहे.

आकडेवाले यावर म्हणतात, आता सगळं मोजतात. खरं आहे. फलंदाजाचा चेंडूवर ताबा किती होता, याचीही टक्केवारी हल्ली निघते. ती कशी निघते, हे मात्र भाच्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी माणूस पडद्यासमोर बसून प्रत्येक चेंडू बघतो आणि नोंदवतो: ताब्यात होता, ताब्यात नव्हता. म्हणजे आकडेवाल्यांची सर्वात आधुनिक टक्केवारी ही एका डोळेवाल्याने बटण दाबून तयार केलेली आहे. हे ऐकल्यावर डोळेवाल्यांनी पेढे वाटले असते, पण त्यांचीही उलटतपासणी बाकी होती.

डोळ्याचं एक मोठं लफडं आहे: तो निकाल कळल्यावर पाहायला लागतो. हेडिंग्लेला भारत हरला असता तर हेच मामा आज म्हणाले असते, "तो बांगर! रडतखडत खेळला, रन रेटची वाट लावली. मी स्वतः पाहिलंय." आणि स्वतः पाहिलंय म्हणजे काय? त्या रात्री आमच्यातल्या बहुतेकांनी फक्त हायलाइट्स पाहिले होते, ज्यात बांगर साधारण चार चेंडू दिसतो. सोडलेला चेंडू हायलाइट्समध्ये कोण दाखवेल?

डोळ्यावर भरवसा ठेवून काय होतं, हे गुलमंडीला २०१९ च्या लोकसभेने शिकवलं आहे. चौकातली हवा, सभेची गर्दी, रॅलीची लांबी, सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं आणि निकाल आधीच सांगून मोकळे झालो होतो. मग मोजणी झाली आणि आमचे तेव्हाचे खासदार चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी पडले. अख्ख्या मतदारसंघाच्या हिशोबात हा आकडा म्हणजे चिल्लर; पण त्या चिल्लरीने डोळेवाल्यांना बराच काळ मान वर करू दिली नाही. आता पुन्हा ते हवा बघायला लागलेत.

भाऊसाहेब निंबाळकरांचं प्रकरण तर दोन्ही पक्षांना अडचणीचं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२, म्हणजे फक्त १० धावा हव्यात. आणि काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. डाव घोषित नाही, फलंदाज बाद नाही, प्रतिस्पर्धीच घरी. निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. आकडेवाला म्हणतो, ४४३ करणारा माणूस कसोटीला नाही म्हणजे अन्याय. डोळेवाला म्हणतो, काठियावाडची गोलंदाजी काय होती ते बघायला हवं. कुणी बघितली? आज त्या खेळीची फिल्म नाही, बघणारे बहुतेक गेले. उरलाय तो आकडा, आणि त्याच्या शेजारचं नाबादपणाचं इवलंसं चिन्ह. ४४३ हा आकडा फलंदाजाची ताकद सांगतो. ते चिन्ह एका संस्थानिकाचा स्वभाव सांगतं. मला विचाराल तर जास्त वाचनीय ते चिन्हच आहे.

या सगळ्यात शहाणा निघालेला एकच खेळ आहे, आणि तो आपला आहे: खो-खो. इथे संरक्षकाचं मोठेपण मिनिटा-सेकंदांत लिहितात. म्हणजे तो किती वेळ बाद झाला नाही! जे घडू दिलं नाही, त्याचाच रकाना. अमेरिकेतल्या लीगला बिल रसेलच्या वेळी जे सुचलं नाही ते आपल्या गुणलेखकाच्या पाटीवर आधीपासून आहे. धाराशिवची सारिका काळे, जिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, किंवा बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे, जिच्या कर्णधारपदाखाली भारताच्या मुलींनी जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक नेपाळला ७८-४० असा हरवून जिंकला, यांच्या थोरवीचं मोजमाप घड्याळ करतं.

पण वर्तमानपत्राने त्याचीही चटणी केली आहे. खो-खोची बातमी वाचा: नाव, मग कंस, कंसात १.५० मि. व ३ गुण, स्वल्पविराम, दुसरं नाव, दुसरा कंस. अख्खी बातमी कंसांची. ती मिनिटं खांबाजवळ हुलकावण्या देत कुणी काढली, पाठलाग स्वतःवर ओढवून जोडीदाराला कुणी वाचवलं, आणि कुणी लांब उभं राहून श्वास घेत काढली, हे कंसात मावत नाही. बातमीदार सामन्याला गेला होता की निकालपत्रक व्हॉट्सॲपवर आलं होतं, हे मी विचारत नाही. मैत्री टिकवायची असते.

या चौकातला कापडवाला इतका वाद घालत नाही. विकताना तो मीटरने मोजतो, विकत घेताना चिमटीत धरून चोळतो, आणि दोन्ही वेळा समोरच्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. त्याला खेळातलं काही कळत नाही, आणि वादात तो कधी पडला नाही.

तिकडे आमखासच्या मैदानावर आता नवी पिढी दोन्ही पक्षांना ओलांडून पुढे गेली आहे. पोरगं बारा वर्षांचं, बॅट त्याच्या वडिलांच्या महिन्याच्या हप्त्याएवढी, आणि प्रत्येक टेनिस बॉल सामन्याची नोंद ॲपमध्ये. निवड चाचणीला वडील हजर असतात ते लॅमिनेट केलेली फाइल घेऊन. परवा एक जण प्रशिक्षकांना पान उलटून दाखवत होते: स्ट्राइक रेट, चौकार, षटकार, कुठल्या दिशेला किती धावा त्याचं रंगीत चाक.

"सर, तुम्ही याला खेळताना बघायचीसुद्धा गरज नाही. बघा ना, सरासरी चौसष्ट आहे."

प्रशिक्षकांनी चष्मा वर केला, पान नीट वाचलं आणि विचारलं, "स्कोअरिंग कुणी केलं?"

"मीच करतो, सर. प्रत्येक मॅचला."